पुंगळीभोवतीची लोकर

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. १९९४ साली मेस्त्रींच्या हाताखाली उभा राहिलो तेव्हा सायलेन्सर म्हणजे गाडीमागचा लोखंडी डबा, एवढीच माझी समज होती. आजही इंजिन खोलणारे हात पुष्कळ आहेत, पण सायलेन्सरचं पॅकिंग नीट बदलणारे थोडे. मिळेल ते आत कोंबायचं आणि झाकण मारायचं, अशीच पद्धत पडली आहे. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. त्यातून जे कळलं ते असं.

१. आधी डबा कुठल्या जातीचा ते ओळखा.

सगळ्या सायलेन्सरांत लोकर नसते. हे पहिल्यांदा सांगतो, कारण व्हिडिओ बघून धडधाकट सायलेन्सर ग्राइंडरने कापून आणणारी मुलं माझ्याकडे अधूनमधून येतात. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या डब्यात कप्पे असतात. धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो, उलटा फिरून तिसऱ्यात येतो, आणि आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून एकमेकींना मारत राहतात. अशा डब्यात लोकर भरायला जागाच नसते. भरलीच तर धुराची वाट अडते आणि गाडी ओढत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या बेंड पाइपमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तिथे करवत लावायची नाही. असा डबा गंजला तर वेल्डिंग करा, नाहीतर नवा घ्या.

लोकर असते ती दुसऱ्या जातीच्या डब्यात. मधोमध सरळ नळी, तिला भोकंच भोकं, आणि नळी व बाहेरचं कवच यांच्यामध्ये काचेची लोकर. धूर सरळ निघून जातो. आवाजाची लाट मात्र भोकांतून लोकरीत शिरते, हजारो तंतूंना घासते आणि त्या घर्षणात तिची उष्णता होते. आमच्याकडे त्या आतल्या नळीला पुंगळी म्हणतात. माझ्याकडे या कामाला येतात त्या गाड्या तीन प्रकारच्या: नाशिक-पुण्याकडच्या मातीवरच्या शर्यतींच्या डर्ट बाइक, मोठ्या परदेशी गाड्या, आणि जुन्या राजदूत ३५०. राजदूतची पुंगळी मागून अख्खी ओढून काढता येते. मी पहिल्यांदा काढली तिच्यावर लोकरीचा थर बारीक तारेने बांधलेला होता, जखमेवर पट्टी बांधावी तसा. दोन्ही बाजूंचे दोन डबे, दोन पुंगळ्या. या कामाची ओळख मला तिथे झाली.

२. लोकर झिजते, हे मनात पक्कं बसवा.

इंजिन ऑइल बदलायचं असतं हे लहान पोरालाही माहीत असतं. सायलेन्सरची लोकर मात्र जन्माची आहे असं सगळे धरून चालतात. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर चाललं तर दर दोन फेऱ्यांना एकदा धूर बाहेर फेकतं. म्हणजे मिनिटाला २,५०० धक्के, तासाला दीड लाख. टू-स्ट्रोकला तेवढ्याच फेऱ्यांवर तासाला तीन लाख. तापलेल्या वाऱ्याचा इतका मारा सोसून काचेचा तंतू तुटतो, त्याचा चुरा होतो आणि तो भोकांतून धुराबरोबर निघून जातो. वरून डबा चकचकीत, आत पोकळ. माझ्या हिशेबाने रस्त्यावरच्या गाडीला दहा ते पंधरा हजार किलोमीटरला एकदा खोलून बघावं. शर्यतीच्या गाडीला मोसमात दोनदा तरी.

३. कानावर विसंबू नका.

मेस्त्री म्हणायचे, गाडी आधी ऐकायची, मग उघडायची. मी तसाच घडलो. लोकर संपत आली की आवाजात एक फाटकेपणा येतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. याला कारण आहे. लोकर बारीक, तीक्ष्ण स्वर चांगले पिते आणि जाड, घुमणारे स्वर तिला फारसे पेलत नाहीत. म्हणून ती कमी झाली की आधी तो तीक्ष्ण खरखराट मोकळा होतो. वीस वर्षं मी या खरखराटावरून पॅकिंगचा निकाल द्यायचो आणि तो चुकायचा नाही.

मग एकदा एका गिऱ्हाइकाची मोठी गाडी आली. मी रेस करून ऐकली आणि म्हणालो, "आवाज बरोबर आहे, अजून सहा महिने जाईल." तीन आठवड्यांनी तो परत आला. कार्बन फायबरचं कवच एका बाजूने जळून फुगलं होतं. आत लोकर नव्हतीच, गरम वारा थेट कवचाला लागत होता. कवचाचे पैसे मी भरले. पण इतकी वर्षं न चुकलेला कान चुकला कसा, हे मला कळेना.

त्याच वर्षी पावसाळा सरताना गगनबावड्याला मुक्काम झाला. रात्री अंगणात बसलो असताना मुलगी म्हणाली, "बाबा, रातकिडे किती ओरडतायत!" मला काहीच ऐकू येत नव्हतं. तिने माझं तोंड धरून झाडाकडे वळवलं, तरी नाही. कोल्हापूरला आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि कागदावरची रेघ दाखवली. ४,००० हर्ट्झच्या आसपास ती खड्ड्यात गेली होती. मोठ्या आवाजाने जाणारा कान आधी तिथेच जातो. रातकिड्याचा आवाज त्याच पट्टीतला, आणि लोकर संपल्याचा खरखराट त्याच्या शेजारचा. पुंगळ्या काढलेल्या गाड्या मागे उभं राहून, रेस करकरून ज्या कानाने तपासल्या, तो कान त्या तपासण्यांनीच खाल्ला होता. डॉक्टर म्हणाले, आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. सायलेन्सरची लोकर मी बदलू शकतो. या पेशींना बदली नाही.

आता गॅरेजमध्ये रेस करून बघायचं असेल तर प्रत्येक पोराच्या कानात बोळे असतात. ८५ डेसिबलच्या वर आठ तास कान उघडा ठेवू नये, असं जगभर मानतात. लोकर संपलेल्या सायलेन्सरच्या मागे एक हातावर आवाज त्याच्या कितीतरी वर जातो. बोळ्यांची किंमत चहाएवढी आहे.

४. तराजू घ्या.

कान गेल्यावर मी तराजूकडे वळलो, आणि तो आधीच घ्यायला हवा होता. लोकर किती भरायची याचा माप न करता अंदाज करणं हीच या कामातली सगळ्यात मोठी चूक. पुष्कळांना वाटतं, जितकी दाबून भरू तितका आवाज कमी. तसं होत नाही. लाट लोकरीत शिरायची तर तंतूंमध्ये हवा हवी. ठासून भरलेली लोकर भिंतीसारखी होते आणि लाट तिच्यावरून परत फिरते. सैल भरली तर ती आत थरथरते, स्वतःलाच घासून चुरा होते आणि दोन महिन्यांत जाते.

माझं माप लिटरला १०० ते १५० ग्रॅमचं. समजा कवचाचा आतला व्यास १० सेंटीमीटर, पुंगळीचा बाहेरचा ५ सेंटीमीटर आणि लांबी ३० सेंटीमीटर. दोन वर्तुळांतली जागा काढली तर साधारण पावणेदोन लिटर भरते. म्हणजे १७५ ते २६० ग्रॅम लोकर. मी त्यात मध्यावर, २१० ग्रॅमच्या आसपास थांबतो. हे गणित शाळेतलं आहे. शेजारच्या किराणा दुकानदाराकडचा इलेक्ट्रॉनिक काटा सुरुवातीला मी मागून आणायचो, आता स्वतःचा आहे. खोलताना निघालेली जुनी लोकरही तोलतो. नवी भरताना २१० होती आणि निघाली ९०, तर उरलेली १२० ग्रॅम काच धूर होऊन गेली हे गिऱ्हाइकाला काट्यावर दाखवता येतं. मग पैशावरून वाद होत नाही.

५. उद्यमनगरात मिळते म्हणून भट्टीची लोकर भरू नका.

हे मी केलं आहे, म्हणून ठासून सांगतो. आमच्या भागात फाउंड्र्या भरपूर. भट्टीच्या अस्तरासाठी सिरॅमिकची पांढरी चादर येते, तिचे तुकडे सहज मिळायचे. हजार अंशांच्या वरची उष्णता सोसते, मग सायलेन्सरमध्ये काय वांधा, असा माझा हिशेब. पण भट्टीत ती चादर एका जागी गप्प बसलेली असते. सायलेन्सरमध्ये तिला सेकंदाला चाळीस-पन्नास धक्के बसतात. तिचे तंतू आखूड आणि ठिसूळ. पहिल्या महिनाभरात निम्मी उडून गेली. ती उडाली कुठे? मागून येणाऱ्या माणसाच्या तोंडावर. आणि भरताना, काढताना माझ्या छातीत. पुढे कळलं की आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या सिरॅमिक तंतूंना माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात, २-ब मध्ये घातलं आहे. त्या दिवशी गॅरेजमधले उरलेले सगळे तुकडे भिजवून, दुहेरी पिशवीत बांधून बाहेर काढले.

सायलेन्सरला लांब, अखंड तंतूची काचेची लोकर हवी. जास्त तापणाऱ्या गाडीला बसाल्टच्या दगडापासून काढलेल्या तंतूची चादर मिळते, ती उष्णता जास्त सोसते. घराच्या छताखाली घालतात ती पिवळी लोकर तर मुळीच नको. तिचे तंतू आखूड आणि त्यांना जोडणारा चिकटा लगेच जळतो. पुंगळीला लागून पहिला एक पातळ थर स्टेनलेस तारेचा दिला तर धुराचा पहिला मारा तो घेतो आणि काच टिकते. भांडी घासायची साधी लोखंडी तार नको. ती गंजून आणि जळून संपते.

६. रिव्हेट काढण्याआधी खूण करा.

सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. झाकणापासून कवचापर्यंत एक आडवी रेघ खिळ्याने ओढा, कारण रिव्हेटची भोकं बघायला सारखी दिसली तरी बऱ्याचदा एकाच बाजूने जुळतात. ४.८ मिलिमीटरच्या रिव्हेटला ५ चं ड्रिल, आणि तेही फक्त डोकं उडेपर्यंत. उरलेली दांडी पंचने आत ढकला आणि नंतर आठवणीने बाहेर काढा. आत राहिली तर ती जन्मभर खुळखुळते. रिव्हेट ड्रिलबरोबर गोल फिरायला लागला तर जोर लावू नका, भोक मोठं होतं. पक्कडीने डोकं धरा. स्प्रिंगने अडकवलेला डबा असेल तर हूक वापरा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. निसटलेली स्प्रिंग कुठे जाते हे मी एका पोराच्या भुवईवर पाहिलं आहे. अर्धा इंच खाली असती तर डोळा गेला असता.

७. काढलेली लोकर फेकू नका, आधी वाचा.

मला या कामात सगळ्यात आवडणारी वेळ ही. झाकण निघतं, आतला गठ्ठा वर्तमानपत्रावर येतो आणि इंजिनाची सगळी कहाणी पुढ्यात पडते. पुढच्या तोंडाशी जळून भोक पडलेलं आणि मागे लोकर शाबूत, हे नेहमीचं. गरम वारा आधी तिथेच लागतो. सगळीकडे सारखा राखाडी चुरा असेल तर ती नुसती वयाने गेली. काळी, ओली, तेलकट, पिळली तर हात बरबटावा अशी निघाली तर नवी भरण्यात अर्थ नाही. टू-स्ट्रोक असेल तर तेलाचा पंप किंवा मिश्रणाचं प्रमाण बघा, कार्ब्युरेटर बघा. फोर-स्ट्रोक असेल तर तेल पिस्टनच्या रिंगांवरून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून येतं का ते तपासा. एका राजदूतला मी वर्षात तीनदा लोकर घातली. चौथ्या वेळी क्रँकच्या सीलमधून गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जात होतं हे कळलं. सील बदललं आणि लोकर पाच वर्षं टिकली. तिन्ही वेळा ती लोकर मला तेच सांगत होती.

८. पुंगळीचं प्रत्येक भोक मोकळं करा.

इथे घाई चालत नाही. भोकांत कार्बन बसतो, त्यावर वितळलेली काच चिकटते. भोकं बुजलेली असतील तर लोकर कितीही उंची भरा, लाट तिच्यापर्यंत पोचतच नाही. ब्लो लॅम्पने तापवा, तारेच्या ब्रशने घासा, उरलेली भोकं टोकदार खिळ्याने एकेक करा. पुंगळी जिथे झाकणाला जोडलेली असते तिथे केसाएवढी चीर आहे का ते उन्हात धरून बघा. असली तर आरगॉन वेल्डिंग करून घ्या, मगच पुढे.

९. गुंडाळताना दोन माणसं लागतात.

एकाने पुंगळी फिरवायची, दुसऱ्याने चादर ताणून धरायची. रजई गुंडाळतो तशी, सुरकुती न पडता. वरून मास्किंग टेपचे चार-पाच वेढे द्या, म्हणजे गठ्ठा आवळलेला राहतो. हा टेप पुढे जळून जातो आणि लोकर फुलून आपली जागा घेते, म्हणून प्लॅस्टिकचा टेप चालत नाही. कवच सरकवताना ज्या दिशेने गुंडाळलं त्याच दिशेने हळूहळू पिळत सरकवा. उलटं पिळलं तर लोकर एका टोकाला गोळा होते आणि दुसरं टोक रिकामं राहतं. फार घट्ट जात असेल तर गठ्ठ्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा, कवच सरकलं की तो ओढून काढा. झाकणाच्या कडेला उष्णता सोसणारं लाल सिलिकॉन लावा, पण बोटभर नाही, रेघभर. रात्रभर वाळू द्या. संध्याकाळी गाडी हवी म्हणून सिलिकॉन ओलं असताना सुरू केली तर ते फुगून बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी धूर कडेने निघतो.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा टेप आणि चिकटा जळून दहा-पंधरा मिनिटं पांढरा, घाण वासाचा धूर येईल. घाबरू नका, पण गाडी उघड्यावर उभी करा. बंद शटरमागे कुठलीच गाडी सुरू करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

१०. नाकातोंडावर मास्क, अंगात पूर्ण बाह्या, हातमोजे.

साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ लावा. काम झाल्यावर फरशी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मग पुसून घ्या. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. माझ्या बायकोच्या हातांना महिनाभर खाज सुटली होती आणि आम्ही साबण बदलत बसलो होतो.

११. पुंगळी काढून मागणाऱ्याला नाही म्हणा.

गणपतीच्या आधी आणि कॉलेज सुरू झालं की मुलं येतात. "मामा, पुंगळी काढा, आवाज नाद खुळा आला पाहिजे." मी त्यांना आधी बसवतो, चहा देतो. मग माझा तपासणीचा कागद दाखवतो, तो खड्डा दाखवतो. त्यांना वाटतं, आवाज वाढला की ताकद वाढली. पुंगळी काढली की बहुतेक गाड्यांचं मिश्रण बिघडतं, खालच्या फेऱ्यांवरची ओढ जाते, आणि उरतो तो नुसता आवाज.

कायदाही सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर सक्तीचा आहे. ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला चाचणीत ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबलची मर्यादा घालून कंपनी ती विकते. रस्त्यावर ही मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवलेला सगळ्यांनी पेपरात पाहिला आहे. पण खरं सांगायचं तर दंडाने फार मुलं थांबत नाहीत. एक मुलगा थांबला तो वेगळ्या कारणाने. त्याची आजी गावाकडून आजारी होऊन त्यांच्याकडे आली होती, तो रात्री गाडी घेऊन शिरला की ती दचकून उठून बसायची. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्याची गाडी फाटकात यायच्या आधीच ती ओलांडत होती. दुसऱ्या दिवशी तो पुंगळी पिशवीत घालून घेऊन आला. ती बसवायचे मी पैसे घेतले नाहीत, आणि कुणी परत बसवायला आणली तर आजही घेत नाही.

जे गॅरेजवाले वाचत असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शंभर-दोनशे रुपयांसाठी हे काम करू नका. मुलगा दुसऱ्या गॅरेजला जाईल म्हणून आपण करतो. उद्यमनगरात आम्ही चार-पाच जणांनी मिळून नाही म्हणायला सुरुवात केली, तेव्हा दुसरं गॅरेज शोधणं मुलांनाही जड जायला लागलं.

१२. झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख, किलोमीटर आणि लोकरीचं वजन कोरून ठेवा.

खडूने किंवा मार्करने नाही, ते जळून जातं. पंचने कोरा. माझ्या काकांची राजदूत ३५० आता माझ्याकडे आहे. तिच्या दोन्ही पुंगळ्यांवर अशा सात नोंदी आहेत. शेवटची गेल्या दिवाळीची. त्यानंतर पुंगळ्या काढून लोकर तोलली तेव्हा डाव्या पुंगळीवर उजव्यापेक्षा १५ ग्रॅम लोकर कमी निघाली, म्हणून सध्या डाव्या सिलिंडरचा कार्ब्युरेटर टेबलावर खोलून ठेवला आहे.